अंतर्जात श्वसन (सांडपाणी प्रक्रिया)

अंतर्जात श्वसन म्हणजे बाहेरून मिळणारे अन्न संपले किंवा अपुरे पडले असता सूक्ष्मजीवांनी स्वतःच्याच पेशीतील द्रव्याचे ऑक्सिडीकरण करून जगण्यापुरती ऊर्जा मिळवणे होय. सांडपाण्यावरील जैविक प्रक्रियेत या घटनेला विशेष महत्त्व आहे. प्रक्रियेअंती किती गाळ उरतो, त्यासाठी किती ऑक्सिजन पुरवावा लागतो आणि तो गाळ पुढे कुजून दुर्गंधी सोडतो की स्थिर राहतो, या तिन्ही बाबी बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असतात. अंतर्जात श्वसनाने गाळाचे वस्तुमान घटते. मात्र घटलेल्या प्रत्येक किलोग्रॅमामागे ऑक्सिजन खर्ची पडतो, आणि काही अंश कितीही काळ वातन केले तरी शिल्लक राहतो.

== संज्ञा ==

‘अंतर्जात’ म्हणजे आतून उत्पन्न झालेले. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य खाऊन होणाऱ्या श्वसनास बहिर्जात श्वसन आणि पेशीतील साठा किंवा घटक वापरून होणाऱ्या श्वसनास अंतर्जात श्वसन म्हणतात. याच्याशी निगडित असलेल्या आणखी काही संज्ञा आहेत.

* निर्वाह ऊर्जा : वाढ न होताही पेशी जिवंत ठेवण्यासाठी लागणारी ऊर्जा. पेशीपटलाच्या दोन्ही बाजूंस क्षारांचे प्रमाण राखणे, झिजलेली प्रथिने पुन्हा घडवणे यांसारख्या कामांसाठी ती लागते.
* विलयन : पेशीभित्ती फुटून आतील द्रव्य पाण्यात मिसळणे.
* भक्षण : आदिजीव, रोटिफर इत्यादी मोठ्या सूक्ष्मजीवांनी जीवाणूंना खाणे.
* क्षय : वरील सर्व कारणांनी गाळातील सजीव वस्तुमानात होणारी एकत्रित घट.

प्रत्यक्ष टाकीत या क्रिया एकाच वेळी चालू असतात व त्यांचे परिणाम वेगवेगळे मोजणे कठीण असते. त्यामुळे अभियांत्रिकी गणितात त्या सर्वांसाठी मिळून एकच ‘अंतर्जात क्षयदर’ वापरण्याची रीत आहे.

== इतिहास ==

सक्रियित गाळ पद्धतीचा शोध इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी लावला आणि १९१४ साली तो प्रसिद्ध केला. सांडपाण्यात हवा सोडल्यानंतर खाली बसलेला गाळ फेकून न देता पुढील सांडपाण्यात मिसळला, तर शुद्धीकरण पुष्कळ जलद होते, असे त्यांनी दाखवले. या संशोधनामागील एक प्रेरक असलेले गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.

गाळ परत वापरण्याच्या या पद्धतीतून एक नवा प्रश्न उभा राहिला. सांडपाण्यातील घाण खाऊन जीवाणूंची संख्या रोज वाढते, तेव्हा या वाढीव गाळाचे काय करावयाचे? १९५२ मध्ये हूवर व पोर्जेस यांनी दुग्धव्यवसायातील सांडपाण्यावर वाढलेल्या जीवाणूंच्या पेशीद्रव्याचे सरासरी रासायनिक सूत्र मांडले. त्यामुळे पेशींच्या स्वभक्षणास किती ऑक्सिजन लागेल याचा हिशोब करणे शक्य झाले. त्याच दशकात ‘संपूर्ण ऑक्सिडीकरण’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संयंत्रांचा प्रसार झाला. पुरेसा वेळ वातन केल्यास जेवढा गाळ निर्माण होतो तेवढाच नाहीसा होईल, अशी त्यामागील अपेक्षा होती. प्रत्यक्षात गाळ साचतच राहिला. कारण पेशींचा काही भाग जीवाणूंना सहजी पचत नाही. त्यानंतर ‘दीर्घ वातन’ हे अधिक नेमके नाव रूढ झाले.

नेदरलँड्समध्ये पासव्हेर यांनी १९५४ साली फोरस्खोटन येथे दीर्घ वातनावर आधारलेला ऑक्सिडीकरण चर उभारला. लहान वस्त्यांसाठी सोपी अशी ही पद्धत पुढे अनेक देशांत पोहोचली. भारतात या विषयाच्या अभ्यासाचे प्रमुख केंद्र नागपूर येथे आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) या नावाने ओळखली जाते.

== प्रक्रियेचे स्वरूप ==

ठरावीक प्रमाणात सांडपाणी आणि थोडे जीवाणू एका भांड्यात घेऊन त्यात सतत हवा सोडल्यास चार अवस्था दिसून येतात. आरंभी जीवाणू नव्या परिस्थितीशी जुळवून घेतात. त्यानंतर मुबलक अन्नामुळे त्यांची वेगाने वाढ होते. अन्न घटू लागताच वाढ मंदावते, आणि शेवटी अन्न संपल्यावर एकूण पेशीद्रव्य घटू लागते. ही चौथी अवस्था म्हणजे अंतर्जात अवस्था होय. स्वभक्षण मात्र त्या अवस्थेतच सुरू होते असे नाही. निर्वाहाचा खर्च पेशीला सदैव असतोच. वाढीच्या काळात तो नव्या उत्पादनाने झाकला जातो, आणि उत्पादन थांबले की उघड होतो.

उपासमारीत पेशी आपले घटक ठरावीक क्रमाने खर्च करते. दुष्काळात शेतकरी प्रथम कणगीतील धान्य काढतो, मग बियाण्याला हात लावतो, आणि घराचे वासे विकण्याची पाळी अगदी अखेरीस येते. पेशीचा क्रमही काहीसा असाच आहे. प्रथम ग्लायकोजेन व बहु-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे राखीव साठे वापरले जातात. ते संपल्यावर रायबोसोममधील आरएनए व त्यापाठोपाठ प्रथिने मोडली जातात. वाढ थांबलेली असल्याने नवी प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेची पेशीला तितकी गरज उरलेली नसते. डीएनए व पेशीभित्ती सर्वांत शेवटपर्यंत टिकतात. पेशी मृत झाल्यावर तिच्यातील विकर तिचेच घटक विरघळवतात आणि बाहेर पडलेले द्रव्य शेजारच्या जिवंत जीवाणूंचे अन्न बनते. म्हणूनच टाकीतील अंतर्जात श्वसन हे एका पेशीचे आत्मभक्षण आणि समूहाचे परस्परभक्षण या दोहोंचा एकत्रित परिणाम असतो.

यात भक्षकांचाही मोठा वाटा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली गाळ पाहिल्यास घंटेच्या आकाराचे देठयुक्त आदिजीव (व्होर्टिसेला) व रोटिफर दिसतात. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर काही कार्बन वायुरूपाने निघून जातो, त्यामुळे भक्षण वाढले की गाळ घटतो. जुन्या, मंदगतीने चालणाऱ्या गाळात रोटिफर अधिक आढळतात; त्यावरून अनुभवी चालक गाळाच्या वयाचा अंदाज बांधतात.

== रासायनिक हिशोब ==

जीवाणूंच्या पेशीद्रव्याचे सरासरी सूत्र ५ कार्बन, ७ हायड्रोजन, १ नायट्रोजन व २ ऑक्सिजन अणू असे धरले जाते. त्याचा रेणुभार ११३ येतो. अंतर्जात श्वसनाचे समीकरण पुढीलप्रमाणे आहे.

पेशीद्रव्य (१ रेणू) + ऑक्सिजन (५ रेणू) → कार्बन डाय-ऑक्साइड (५ रेणू) + पाणी (२ रेणू) + अमोनिया (१ रेणू) + ऊर्जा

११३ ग्रॅम पेशीद्रव्यास १६० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे १ ग्रॅम पेशीद्रव्यामागे सुमारे १.४२ ग्रॅम. मुक्त झालेल्या अमोनियाचे पुढे नायट्रीकरण करणाऱ्या जीवाणूंकडून नायट्रेटमध्ये रूपांतर झाल्यास पाचाऐवजी सात ऑक्सिजन रेणू लागतात आणि हे प्रमाण सुमारे १.९८ ग्रॅमवर जाते.

या समीकरणातील अमोनिया दुर्लक्षिण्याजोगा नाही. सूत्रानुसार पेशीद्रव्यात सुमारे १२.४ टक्के नायट्रोजन असतो. वाढीच्या काळात सांडपाण्यातून शोषलेला हा नायट्रोजन स्वभक्षणाच्या काळात पाण्यात परत येतो. फॉस्फरसचेही तसेच होते. गाळ घटला म्हणजे पोषकद्रव्येही नष्ट झाली असे समजणे बरोबर नाही. ती केवळ गाळातून पाण्यात जातात.

== क्षयदर आणि गाळाचे वय ==

एका दिवसात सजीव गाळाचा जितका अंश क्षय पावतो त्यास अंतर्जात क्षयदर म्हणतात. घरगुती सांडपाण्यासाठी जैविक ऑक्सिजन मागणीवर (बीओडी) आधारलेल्या गणितात २० अंश सेल्सियस तापमानाला तो दररोज सुमारे ०.०६ धरण्याची प्रथा आहे. तापमानाबरोबर तो वाढतो. प्रत्येक अंशामागे सुमारे ४ टक्के वाढ धरल्यास २८ अंशांना तो २० अंशांच्या मानाने सुमारे ३७ टक्क्यांनी अधिक, म्हणजे ०.०८ च्या आसपास येतो. मुंबईसारख्या उष्ण हवेच्या शहरात स्वभक्षणाचा वेग थंड देशांतील संयंत्रांहून अधिक असतो तो यामुळेच.

एखादा जीवाणू टाकीत सरासरी किती दिवस राहतो त्यास गाळाचे वय म्हणतात. रोज काढून टाकल्या जाणाऱ्या गाळाचे प्रमाण बदलून चालक ते कमी-अधिक करू शकतो. त्याचा परिणाम पुढील सूत्राने काढतात.

निव्वळ गाळनिर्मिती = स्थूल गाळनिर्मिती ÷ (१ + क्षयदर × गाळाचे वय)

=== उदाहरण ===

मुंबई उपनगरातील १,००० रहिवाशांचे एक गृहसंकुल घेऊ. माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातील ८० टक्के पाण्याचे सांडपाणी होते असे धरल्यास दररोज १,०८,००० लिटर सांडपाणी निर्माण होईल. माणशी २७ ग्रॅम या प्रमाणाने त्यातील बीओडी २७ किलोग्रॅम येते. त्यांपैकी २६ किलोग्रॅम प्रक्रियेत दूर होते असे मानू. १ किलोग्रॅम बीओडीमागे स्थूल गाळनिर्मिती ०.६ किलोग्रॅम आणि क्षयदर ०.०६ घेतला असता पुढील आकडे मिळतात.

* गाळाचे वय ५ दिवस : रोजचा निव्वळ गाळ सुमारे १२ किलोग्रॅम, ऑक्सिजनची गरज सुमारे २१ किलोग्रॅम.
* गाळाचे वय २५ दिवस : रोजचा निव्वळ गाळ सुमारे ६.२ किलोग्रॅम; ऑक्सिजनची गरज सुमारे २९ किलोग्रॅम.

(सांडपाण्याबरोबर येणारे न पचणारे कण, पेशींचा उरलेला अवशेष आणि नायट्रीकरणासाठी लागणारा ऑक्सिजन या हिशोबात धरलेला नाही.)

गाळ जवळजवळ निम्म्यावर आला, पण ऑक्सिजनची गरज सुमारे ८ किलोग्रॅमने वाढली. प्रत्यक्ष संयंत्रात १ युनिट विजेत १ ते २ किलोग्रॅम ऑक्सिजन विरघळतो असे धरल्यास ही वाढ रोजच्या ४ ते ८ युनिटांची होते. दुसऱ्या बाजूस, घन भाग २० टक्के असलेल्या ओल्या गाळाच्या रूपाने पाहिल्यास रोज सुमारे २९ किलोग्रॅम गाळ कमी उचलावा लागतो. विजेचे बिल आणि गाळाची वाहतूक यांतील हा सौदा प्रत्येक संयंत्राच्या आखणीत करावाच लागतो.

== उपयोग ==

=== दीर्घ वातन ===

सर्वसाधारण सक्रियित गाळ पद्धतीत गाळाचे वय काही दिवसांचे असते. दीर्घ वातनात ते २० ते ३० दिवस किंवा अधिक ठेवतात आणि सांडपाणी टाकीत १८ ते २४ तास वा अधिक काळ राहते. बाहेर पडणारा गाळ पुष्कळसा स्थिर झालेला असल्याने वेगळ्या पाचनाविना तो वाळवता येतो. गृहसंकुले, रुग्णालये, वसतिगृहे अशा ठिकाणी ही पद्धत सोयीची ठरते.

=== वातित पाचन ===

काढून टाकलेल्या गाळात स्वतंत्र टाकीत हवा सोडत ठेवल्यास त्यास बाहेरचे अन्न मिळत नाही आणि अंतर्जात श्वसन हीच तेथील मुख्य क्रिया होते. अमेरिकेच्या १९९३ च्या संघीय नियमांत गाळ स्थिर झाल्याच्या कसोट्यांमध्ये बाष्पनशील घनद्रव्यात किमान ३८ टक्के घट, किंवा २० अंशांना दर ग्रॅम घनद्रव्यामागे ताशी १.५ मिलिग्रॅमहून अधिक नसलेला ऑक्सिजनचा खप यांचा समावेश आहे.

=== मोठी संयंत्रे आणि विनावात पाचन ===

मोठ्या संयंत्रांत अनेकदा उलट धोरण स्वीकारले जाते. गाळाचे वय कमी ठेवून पेशीद्रव्य शक्य तितके शिल्लक राखतात आणि ऑक्सिजनविरहित पाचन टाकीत त्यापासून मिथेनयुक्त जैववायू मिळवतात. पेशीद्रव्यातील जी ऊर्जा लहान संयंत्रात वीज खर्च करून जाळली जाते, तीच मोठ्या संयंत्रात इंधनाच्या रूपाने हाती येते. मात्र पाचन टाक्या, वायूची साठवण व कुशल मनुष्यबळ यांचा खर्च लहान संकुलास परवडत नाही.

== मुंबई उपनगरांतील संदर्भ ==

गोरेगाव–मालाड पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउतारालगत वसलेल्या दिंडोशीत म्हाडाच्या वसाहती, सहकारी गृहनिर्माण संस्था, झोपडपट्ट्या आणि अलीकडे उभारलेले उंच मनोरे शेजारी-शेजारी आहेत. हा भाग बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या मालाड मलनिःसारण क्षेत्रात मोडतो आणि तेथील सांडपाण्याचा अंतिम मार्ग मालाडच्या खाडीकडे जातो. डोंगराकडून येणारे ओढे, तसेच ओशिवरा, वालभट व पोईसर या नद्याही उपनगरी वस्तीतून वाहत त्याच खाडीला मिळतात.

मुंबईच्या जुन्या मलनिःसारण व्यवस्थेत वरळी व वांद्रे येथील सांडपाणी प्रारंभिक प्रक्रियेनंतर लांब नळांवाटे समुद्रात सोडले जाते, तर वर्सोवा, भांडुप व घाटकोपर येथे वातित तलाव वापरले गेले. अशा तलावांत गाळ परत आणला जात नाही, त्यामुळे वाहत्या पाण्यातील जीवाणूंना स्वभक्षणाइतका अवधी मिळत नाही. तळाशी बसलेल्या गाळात मात्र ऑक्सिजनाविना क्षय चालू राहतो. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप व घाटकोपर येथे दररोज एकूण २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात नवी संयंत्रे उभारण्याच्या प्रकल्पाचे भूमिपूजन १९ जानेवारी २०२३ रोजी झाले. त्यांपैकी मालाड संयंत्राची नियोजित क्षमता ४५४ दशलक्ष लिटर आहे.

महानगरपालिकेच्या केंद्रांव्यतिरिक्त संकुलांच्या आवारातील लहान संयंत्रांची (‘एसटीपी’) संख्याही मोठी आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर वा अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते, आणि अशा मंजुरीत सांडपाण्यावर आवारातच प्रक्रिया करण्याची अट सामान्यतः असते. ही संयंत्रे बहुधा तळघरात असतात व त्यांतील पाणी शौचालये आणि बागेसाठी वापरले जाते. तेथील बिघाड प्रथम दुर्गंधीच्या रूपाने रहिवाशांपर्यंत पोहोचतो.

== संचालनातील परिणाम ==

=== हवा बंद ठेवल्यास ===

वीज वाचवण्यासाठी रात्री सांडपाणी कमी असताना ब्लोअर बंद ठेवण्याचा मार्ग काही ठिकाणी अवलंबला जातो. अन्न येत नसले तरी अंतर्जात श्वसन थांबत नाही. टाकीत दर लिटरमागे १,४०० मिलिग्रॅम सजीव पेशीद्रव्य आणि २ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन आहे असे धरल्यास, ०.०६ या क्षयदराने ताशी सुमारे ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो; म्हणजे असलेला साठा जेमतेम २४ मिनिटांत संपतो. उष्ण पाण्यात तो त्याहून लवकर संपतो. त्यानंतर जीवाणू प्रथम नायट्रेटचा आणि तोही संपल्यावर सल्फेटचा उपयोग करू लागतात, व सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. हवा थोडा वेळ बंद व थोडा वेळ चालू ठेवण्याची नियंत्रित पद्धत नायट्रोजन काढण्यासाठी उपयुक्त असते. परंतु रात्रभर बंद ठेवणे हा निराळा प्रकार आहे.

=== उपासमारीचा अतिरेक ===

नव्या संकुलात निम्म्याच सदनिकांत लोक राहावयास आलेले असतात, तेव्हा पूर्ण क्षमतेच्या टाकीतील जीवाणूंना पुरेसे अन्न मिळत नाही. गणेशोत्सव, शिमगा व मे महिन्याच्या सुट्टीत अनेक कुटुंबे कोकणातील गावी जातात, तेव्हाही सांडपाण्याचा भार एकाएकी घटतो. अशा वेळी पुढील लक्षणे दिसू शकतात.

* जीवाणूंना एकत्र बांधून ठेवणारे चिकट द्रव्यही खर्ची पडून गाळाचे पुंजके फुटतात. टाचणीच्या टोकाएवढे कण निवळण टाकीतून वाहून जातात व पाणी गढूळ दिसते.
* मुक्त झालेल्या अमोनियाच्या नायट्रीकरणामुळे पाण्याची क्षारता घटते. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने सुमारे ७.१ ग्रॅम क्षारता खर्ची पडते आणि पाणी आम्लधर्मी होऊ शकते.
* निवळण टाकीच्या तळाशी नायट्रेटपासून नायट्रोजन वायूचे बुडबुडे तयार होऊन बसलेला गाळ वर तरंगतो.

भार घटल्यावर हवेचा पुरवठा त्या प्रमाणात कमी करणे, एकाहून अधिक टाक्या असल्यास एखादी बंद ठेवणे आणि सुट्टी सुरू होण्यापूर्वी थोडा जादा गाळ काढणे हे उपाय योजतात.

=== ‘शून्य गाळ’ ही कल्पना ===

काही संयंत्रांतून गाळ मुळीच निघत नाही असे सांगितले जाते. मृत पेशींच्या भित्तींसारखा भाग अत्यंत सावकाश विघटन पावतो. क्षय पावलेल्या द्रव्यापैकी सुमारे १० ते २० टक्के भाग असा अवशेष म्हणून उरतो, असे गणितात धरतात. त्यात सांडपाण्यातील माती, वाळू व इतर खनिज कणांची भर पडते. एखाद्या संयंत्रातून दीर्घकाळ गाळ काढलाच जात नसेल, तर तो टाकीत साचत असतो किंवा बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर निसटत असतो. शहरात असे पाणी अखेरीस नाल्यात आणि तेथून खाडीत पोहोचते.

== मापन ==

क्षयदर मोजण्यासाठी गाळाचा नमुना सांडपाण्याविना वातनाखाली ठेवून काही दिवस त्याच्या ऑक्सिजन-खपाचा वेग ठरावीक अंतराने मोजतात. या वेगाचा लॉगरिथम काळाच्या संदर्भात आलेखावर मांडल्यास उतरती सरळ रेषा मिळते व तिच्या उतारावरून क्षयदर काढता येतो. नायट्रीकरणामुळे होणारा खप वगळण्यासाठी त्यात अलाइलथायोयुरिया मिसळतात. दुसऱ्या रीतीत बाष्पनशील निलंबित घनद्रव्यात रोज होणारी घट मोजली जाते.

== गणिती प्रतिमाने ==

आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सक्रियित गाळ प्रतिमान क्रमांक १ मध्ये ‘मृत्यू व पुनर्जनन’ ही कल्पना वापरली आहे. तीनुसार पेशी मरते, तिचे द्रव्य पुन्हा अन्न बनते आणि त्यावर नव्या पेशी वाढतात. १९९९ मधील प्रतिमान क्रमांक ३ मध्ये त्याऐवजी अंतर्जात श्वसन हीच मूळ क्रिया मानली आहे. पहिल्यात २० अंशांना क्षयदर दररोज ०.६२, तर दुसऱ्यात ०.२ धरला जातो. पहिल्यात तेच द्रव्य पुनःपुन्हा मोजले जात असल्याने त्यातील दर मोठा दिसतो. त्यामुळे एका पद्धतीतील क्षयदर दुसऱ्या पद्धतीच्या सूत्रात वापरता येत नाही.

== हेही पहा ==

* सक्रियित गाळ पद्धत
* जैविक ऑक्सिजन मागणी
* नायट्रीकरण
* जैववायू
* ओशिवरा नदी
* दिंडोशी